नंबर चारचं कडं

२ ऑगस्ट
बारा घड्याळं तीन दिवस इंझोरीच्या आमच्या विहिरीत होती, साखळीला बांधून. आज वर काढली. एकाच्याही काचेआड दमटपणा नाही. शेजारच्या कमलाकाकू थांबून बघत होत्या. त्यांचं नेहमीचंच, वाशीम जिल्ह्यात बुडी मारते कोण, समुद्र कुठं अन् आपण कुठं.
बोलू दे. पाणबुड्याचं घड्याळ घेणारे बहुतेक लोक हात धुण्यापलीकडे पाण्यात जातच नाहीत. त्यांना भरवसा हवा असतो. तो मी अठरा हजारांत देते. बाहेर त्याच भरवशाचे लाखभर मागतात, वर मखमली डबा.
बाबांची रीत या खेपेपासून बंद. दुरुस्त केलेलं घड्याळ सात दिवस स्वतःच्या हातावर वागवल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही. शेलूबाजारच्या स्टँडवर दुरुस्तीला बसायचे तेव्हा त्यांचा डावा हात कोपरापर्यंत घड्याळांनी भरलेला असायचा, लोक टिंगल करायचे. आता विहीर आहे, परीक्षा पुरे. ऐकून बाबांनी चष्मा काढला. ते नाराज झाले की चष्मा पुसतात.

५ ऑगस्ट
कामाचा नियम पुन्हा एकदा लिहून ठेवते, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. डोळ्याला अन् हाताला लागतं तिथं कंजुषी नाही. काच सफायरची. तबकडी माझ्या हातची, भट्टीत भाजलेली, ओल्या काळ्या मातीच्या रंगाची. मशीन जपानी, ते लपवायचं नाही. डबा नाही, कापडी पिशवी. आणि जे दिसत नाही तिथं वाचवायचं.
म्हणून वरच्या फिरत्या कड्याखालची, त्याला एकाच बाजूला फिरू देणारी स्प्रिंग यंदा बाहेरून आणली नाही. पत्रा आणून स्वतः कापली. नखाएवढी पट्टी ती, तिच्यासाठी कशाला कुणाचे पाय धरा.
बाबा म्हणाले, "दिसत नाही तेच सांभाळ, बाई. दिसते ते गिऱ्हाईक सांभाळते."
दुपारी लाईट गेली. बाबांना आता बारीक दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत. अंधारात त्यांना टेबलापाशी बसू दिलं. एक ते चार नंबरच्या स्प्रिंगा त्यांनी नुसत्या चाचपून बसवल्या. कडं फिरवून कट् कट् आवाज ऐकला आणि लहान मुलासारखे हसले. खूप दिवसांनी. लाईट आल्यावर बाकीच्या आठ मी केल्या.

९ ऑगस्ट
मामाचा सुधाकर आला मानोऱ्याहून. पुरात माणसं शोधायच्या पथकात आहे, पाठीला हवेची टाकी बांधून खाली जातो. घरात आल्या आल्या बाबांना जयभीम केला आणि माझ्यापुढं हात पसरला, घड्याळ दे म्हणून. जिल्ह्यातला माझा एकमेव खरा पाणबुड्या. त्याच्याकडून पैसे घ्यायचा प्रश्नच नाही. नंबर चार दिलं.
त्याच्याकडून ऐकलं ते माझ्या सगळ्या जाहिरातीपेक्षा भारी. गढूळ पाण्यात टाकीतली हवा दाखवणारा मीटर दिसतच नाही. घड्याळाचे हिरवे काटे डोळ्यापाशी धरले तर तेवढे दिसतात. उतरताना कड्यावरचा बाण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग किती वेळ गेला ते कड्यावर कळतं. टाकीत हवा चाळीस मिनिटांची. तिसाव्याला परत फिरायचं.
"अन् धक्का लागून कडं फिरलं त?" बाबांनी विचारलं.
"एकाच अंगाले फिरते न मामाजी. फिरलंच त जास्त वेळ गेला असं दाखवते. मानूस लवकर वर येते, मरत नाही."
बाबा म्हणाले, सात दिवस मी वागवतो, मग ने. सु. हसला, पाऊस सात दिवस थांबतो का म्हणाला. जेवताना पूर्ण वेळ कडं फिरवत होता, कट् कट् कट्. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

१९ ऑगस्ट
नंबर दोन नाशिकच्या एका डॉक्टरांनी घेतलंय. त्यांचा मेसेज: बाहीत अडकलं की कडं उलटं सरकतं, असंच असतं का?
असं नसतं. लिहिलं की आपण जोर लावत असाल. मग दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

२० ऑगस्ट
नंबर एक आणि तीन अजून माझ्याकडेच आहेत. सुलट फिरवलं, कट् कट्, उत्तम. उलट फिरवलं. आधी अडलं. अंगठ्याचा जरा जोर दिला, फिरलं. दोन्हीचं.
उघडून बघितलं. स्प्रिंग पालथी.
बाबांचा जन्माचा नियम: पट्टीची खरखरीत बाजू खाली, गुळगुळीत वर. बाहेरून येणारी प्रत्येक पट्टी तशीच बसते. माझी मी उलट अंगानं कापली, तिची गुळगुळीत बाजू खाली जायला हवी. माझ्या आठ मी डोळ्यांनी बघून लावल्या. बाबांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे सुचलंच नाही. त्यांनी पन्नास वर्षं जे बरोबर केलं तेच केलं.
सुलट कुणीही फिरवून बघतो. उलट कोण बघणार? हातावर आठवडाभर वागवणारा माणूस बघेल. बाही, दाराची कडी, सायकलचं हँडल, काहीतरी लागतंच.
म्हणजे नंबर चारसुद्धा. आणि पाण्याखाली उलट सरकलं तर वेळ कमी गेला असं दाखवेल. दहा मिनिटं उरली आहेत असं वाटेल आणि

रात्री पुन्हा लिहायला बसले. सु.ला फोन केला नाही. लिहायला लाज वाटते पण केला नाही. परवा पोळा आहे, जेवायला तो येणारच. तेव्हा गुपचूप बदलून देईन. आत्ता फोन केला तर बाबा ऐकतील. अंधारातलं ते हसू त्यांच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत नाही.

२१ ऑगस्ट
सकाळपासून संततधार. अकराला फोन लावला. लागत नाही. मग त्याच्या बायकोला, वहिनींना लावला. पथकाला काल संध्याकाळीच बोलावणं आलं, अडाणच्या धरणावर. कुणीतरी मोटारसायकलीसकट वाहून गेलंय. पोळ्याला यायचं रद्द. पथकातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर त्यांच्याकडे नाही. मी विचारलं, घड्याळ घालून गेला का.
"दुसरं काय घालतीन. झोपेतबी काढत नाहीत ते."
मेसेज टाकला: कड्यावर भरवसा ठेवू नको, घड्याळ काढून ठेव. एकच खूण. पोचला नाही. परत टाकला. आठ वेळा.
संध्याकाळी बाबांना सांगितलं. सगळं, पट्टीसकट. वाटलं होतं चष्मा पुसतील. नाही पुसला. नंबर एक मागून घेतलं, अंगठ्यानं सुलट फिरवलं, उलट फिरवलं, बराच वेळ.
"पट्टी तू कापली, बसवली म्या. भांडू मागून. आंधी त्याले पान्याच्या भाईर काढ."
शेवटची जीप गेलेली. नाल्याला पूर, मोटारसायकलवर न्यायला कुणी तयार नाही.

२२ ऑगस्ट
पहाटेपासून स्टँडवर. पहिली जीप साडेआठला. तीही वाटेत अडली, पुढं सगळ्या रस्त्यात बैल. आंघोळ घालून, शिंगं रंगवून आणलेले. कुणी घाई करत नाही, आजचा दिवस त्यांचा. ड्रायव्हरनं हॉर्नही वाजवला नाही. मी बोलले त्याला, नको ते बोलले. फोन अजून लागत नाही.
धरणावर पोचले तेव्हा बारा वाजून चार. सु. पाण्यात.
पुढचं तिथंच लिहिते आहे, काठावर बसून. दुसरं काही करता येत नाही.
दोरी धरायला सत्तारचाचा, पथकातले सगळ्यात जुने. त्यांना विचारलं, किती वाजता उतरला. अकरा पस्तीसच्या आसपास म्हणाले, म्हणजे हवा सव्वाबारापर्यंत. आसपास. एरवी वरून वेळ तेच बघतात. कालपासून त्यांचा अन् सु.चा, दोघांचेही फोन पावसानं बंद पडलेत. सु. त्यांना म्हणाला होता, काळजी नका करू, घड्याळ घरचं हाय. हे मला त्यांनी कौतुकानं सांगितलं.
मी सांगितलं कडं खराब आहे. त्यांना आधी समजलं नाही. माझ्या हातावर नंबर पाच होतं, ते त्यांनी सुलट फिरवलं, मग उलट फिरवायला गेले, हललं नाही. म्हणाले, हे त बरोबर हाय न. मी म्हटलं, हे बरोबर आहे. त्याचं नाही.
मग समजलं. चार झटके म्हणजे वर ये. त्यांनी दिले. खालून चार परत आले पाहिजेत.
१२.०८. आले नाहीत. पाण्याखाली बाभळीचं बन आहे, दोरी फांदीला लागली असेल तर झटका पोचत नाही म्हणतात.
१२.१० ला परत दिले. दुसरा पाणबुड्या टाकी बांधतोय. पट्टे ओले, लवकर बसत नाहीत. पाणी चहासारखं, त्यावर काहीच दिसत नाही. बुडबुडे आहेत की पाऊस, सांगता येत नाही.
बाबांचा फोन आला. काय सांगू? काठावर आहे म्हटलं. ते म्हणाले, एक आन् तीन हातात घातले म्या, सात दिवस काढनार नाही. 
१२.१३. चाचांनी दोरी माझ्या हातात दिली, टाकी बांधणाऱ्याला मदत करायला गेले. म्हणाले, ताण आला त सांग, ढिली पडली तरी सांग. ओली, जाड दोरी आहे. डाव्या हातात धरून उजव्यानं लिहिते आहे.
ताणलेली आहे. मी चार झटके दिले. मोजून चार.