बी चावायचा मान

आबा,

पहिल्या तोडीची पेटी तुम्ही दर वर्षी स्वतः साताऱ्याला आणून द्यायचात. आधी लेक, मग बाजार. लांब मण्यांची, बिनबियांची, साखरेसारखी द्राक्षं. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटायचं, तिकडे पलूसच्या मळ्यात तुम्ही वहिनीला बी चावायला शिकवताय हे कळेपर्यंत.

वाईनसाठी शिराझ जातीची द्राक्षं लावलीत तेव्हा गाव हसलं होतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पहिल्या वर्षी तुम्ही खायच्या द्राक्षाच्या सवयीने घड औषधात बुडवून मणी फुगवलेत आणि वायनरीवाल्यांनी माल परत पाठवला. त्यांना बारीकच मणी हवा होता, रंग आणि चव सालीत असते म्हणून. ही फजितीसुद्धा मला वहिनीकडून कळली. मग कळलं की तोडणी जवळ आली की तुम्ही दोघं सकाळी ओळींतून फिरता आणि मण्यातली बी दाताखाली धरता. हिरवट कडू लागली तर थांबायचं, भाजल्या शेंगदाण्यासारखी फुटली तर तोडायचं. गोड पाहुणीला देतात, आबा. बी घरच्या माणसाला. मी जळले, अजून जळते.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी वहिनीने मला तोडणीला बोलावून घेतलं. मळ्यात हल्ली वायनरीचे पाहुणे जेवायला येतात. मी चुलीपाशी भाकरी थापतेय आणि ही डोक्यावर पदर घेऊन, घसा बसलेला, तरी पाहुण्यांना सांगतेय, "घोट घेतला की आधी जांभूळ लागतंय, मग जरा धूर. मिरी शेवटाला येती, गडबड करू नका." सुक्क्या मटणाबरोबर घ्या, भरल्या वांग्याबरोबर चालेल, पण ठेचा लांब ठेवा, नाहीतर वाईन नुसती जाळते. पाहुणे माना डोलावत होते. 'गडबड करू नका' हे तुमचं होतं, अगदी तुमच्या सुरातलं. तव्यावरची भाकरी करपली.

संध्याकाळी ती मला ओळीत घेऊन गेली. "वन्सं, सर्दीनं माझी जीभ मेलीया. उद्या तोडायचं का न्हाई, तुमीच सांगा. मामंजींची जीभ तुमच्यात असंलच की."

"मग त्यांनी मला का नाही शिकवलं? तुलाच का?" मी विचारूनच टाकलं.

तिने घडावरचं पान बाजूला सारलं. "मामंजी म्हणायचे, तिला कडू सोसत न्हाई. कारल्याच्या ताटावर रडत बसायची. तिच्याकडं गोडच न्यायचं."

तिने मायेनेच सांगितलं असणार. पण माझं कारलंसुद्धा तुम्ही तिला देऊन ठेवलंत, आबा.

मी मणी तोडला, बी चावली. तोंड तुरट कडू झालं, डोळ्यांत पाणी आलं. बी कच्ची होती, की मलाच कडू सोसत नव्हतं, मला सांगता येईना. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. वर्षभराचं पीक माझ्या दातांखाली होतं.

"शेंगदाणा," मी म्हणाले. "तोडा."

सकाळी कात्र्या लागल्या.

त्या तोडणीची वाईन आता बाहेर आलीय. पहिली बाटली तिने माझ्या भावाबरोबर मला पाठवली, पहिला मान वन्संचा म्हणून. गुळाच्या डब्यामागे ठेवलीय. मिरी आली तर तुमची जीभ माझ्यात आहे, आणि नाही आली तर तुम्ही माणूस बरोबर निवडलात. त्यानंतर घरात दोनदा मटण झालं.

काल तिचा फोन आला. "वन्सं, मिरी लागली का ओ?"

"लागली," मी म्हणाले, "शेवटी शेवटी."

आबा, बाटली मी अजून उघडलेली नाही.