मापाची बांगडी

१८ जाने., रविवार

दुसरबीडचे पाव्हने आत्ताच गेले. गाडी फाट्यावर पोचली नसन, तवर फोन आला. पोरगी पसंत. मी पोह्याची परात हातात धरून तशीच उभी. आता बसवत नाही मले. अंगनात येरझारा घालून राह्यली. रमेश, माहा पोरगा, म्हने, माय बस न, पडशीन. म्हनलं मी पडली त जमिनीनं सांभाळावं.

पोरगी म्हनजे वैशू, रमेशची. माही नात. चिखलीले जाऊन बी.ए. झाली. घडन सारी माही. उंचीचं सोडा, हाडच रुंद. खांदे, मनगट, पाऊल माह्यावर गेलं. अंगावर मांस नाही, तरी दवाखान्यातली नर्स काट्यावर उभं करते अन् म्हनते वजन कमी करा. मले म्हनली तवा मी म्हनलं, एखादं हाड काढून ठेव मंग तुह्याजवळ.

पोरगा मंगेश. दु.बीडले रोडवर दुकान हाये, विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करते. काडीसारखा हाये. पन बोलतानी समोरच्याच्या तोंडाकडे पाह्यते. मले आवडला.

एक ध्यानात आलं. सुनीतानं (सून. पुढं सु. लिहीन, रोज एवढं कोन लिहिते) पोरीले उठूच देलं नाही. आधीच खुर्चीवर बसवून ठेवली, अंगावर शाल, हात शालीत. पोह्याचा ट्रे सु.नंच फिरवला. दोघाइले बोलू द्या म्हनले त पोरगी तठीच बसलेली, अन् आम्ही सारे पाव्हन्यासगट बाहेर. थंडी होती म्हनून शाल असन.

असो. आज गोड करा लागते. शिरा.

२० जाने.

विहीणबाईचा फोन. अजून विहीण झाली नाही पन मी म्हनून राह्यली. माप पाठवा म्हने, पोरीची एक बांगडी, एक ब्लाऊज, एक चप्पल. साखरपुड्याचं सारं त्याइच्याकडून येनार. हिरवा चुडा तठीच भरनार, साऱ्या बायाइसमोर, सासू आपल्या हातानं भरते त्याइच्यात.

सु.नं पिशवी भरली, तिचा भाऊ घेऊन गेला दु.बीडले.

मी माहं लुगडं काढून पाह्यलं. नवं घ्याच लागते. गेल्या टायमाले दुकानवाला म्हने, आजी नऊवारीत नाही भागत तुमचं, दोन जोडू का. म्हनलं जोड अन् एकाचेच पैसे लाव.

किती वर्सानं घरात लग्न. मले भूकच लागून नाही राह्यली. म्हनजे लागते, पन जेवतानी उठून पाहा लागते काय काय आनाचं ते.

२३ जाने.

आज भांडन. सु.च्या डाव्या हातात एक बांगडी कमी. उजव्यात सहा, डाव्यात पाच. म्हनलं फुटली का व? म्हने हो. म्हनलं काच कुठी हाये? झाडून टाकली म्हने. सकाळपासून झाडू मीच मारला घरात.

मंग मीच म्हनलं, तू तुही बांगडी देली का मापाले?

तिनं डावा हात पदराखाली घेतला.

सु. शेगावकडची, हाडानं चिमनीएवढी. सव्वादोनची बांगडी तिले सैल होते. वैशूले पावनेतीन लागते, तेही साबन लावून. चप्पल त मी अन् वैशू गड्याची घेतो, बायाच्या दुकानात आमचं पाऊल पाहूनच मानूस डबे मांगं सारते. बांगडी, ब्लाऊज, चप्पल तिन्ही सु.नं आपलं पाठवलं.

म्हनलं, अव बयताडे, साऱ्या बायाइसमोर सव्वादोनचा चुडा घेऊन बसन ते बाई, अन् पोरीचा हात अंगठ्यापाशीच अडकन. मंग काय करशीन? काच फुटली त म्हनतीन अपशकून झाला.

म्हने, तवरक त सोयरीक पक्की झाली राहीन न.

मी बोलनारच होती अजून. त ते बोलली. म्हने, आत्या, तीन जागी मोडलं आतापर्यंत. कोनी म्हने थोराड हाये, कोनी म्हने पोरापेक्षा मोठी दिसन, एकानं त विचारलं पोरगी पैलवानकी करते का. तुम्ही आत राहाता. दारात उभं राहून मी ऐकलं ते. पावनेतीनची बांगडी पाठवली असती त चौथंही मोडलं असतं.

मी भाकरी थापाले बसली. दोन जळल्या.

माह्या लग्नात मनियारानं हात दाबून दाबून चुडा भरला होता, चामडी निंघाली. सासू म्हने हे काय आनलं बे, बैल का सून. मंग त्याच सासूनं चाळीस वर्स माह्याकडून बैलाचं काम घेतलं अन् मरतानी म्हने तूच उचल मले, बाकीचे पाडतात. बुढ्याचं, माह्या नवऱ्याचं, म्हनशीन त त्याले मले कधी उचलता नाही आलं. मीच त्याले उचलून टेम्पोत टाकलं दवाखान्यात नेतानी. माह्या खांद्यावर मान टाकून म्हने, लय वर नेलं व तू मले, सारं गाव दिसून राह्यलं. हासला होता. चांगला होता.

२५ जाने.

वैशूले समजलं. भांडन काही हळू आवाजात नव्हतं.

रडली नाही ते. आज एक भाकर खाल्ली फक्त. काल बी एकच. म्हनलं काऊन? म्हने, आजी, साखरपुड्यापर्यंत कमी खाईन, हात जाईन थोडा बारीक. म्हनलं बी.ए.त हेच शिकवलं का तुले? हाड हाये ते, कनिक नाही, पानी कमी टाकलं त लहान होईन.

मंग म्हने, मले तो आवडला आजी.

काय आवडलं म्हनलं. म्हने, साऱ्याइनं खोली रिकामी केली तवा तो म्हने, तुम्हाले गरम होत असन, शाल काढा. अन् मले काढता नाही आली.

आता मले दुसरं काही सुचून नाही राह्यलं. सोयरीक मोडली त पोरगी मनातून खचन. नाही सांगतलं त साऱ्या गावासमोर हात अडकून राहीन तिचा. तिसरं काही करा लागते.

२७ जाने., बाजार

सलमाबीच्या दुकानावर गेली. आमच्या घरातल्या बायाइच्या हातात तिनंच काच भरली आजवर, तिच्या आधी तिच्या मायनं. मले पाहूनच म्हने, क्या अम्मा, तुम्हारे नाप की चूडी ऊपर के डब्बे में है, सीढी लगानी पडती.

म्हनलं लाव मंग. पावनेतीन, हिरवी, एकच.

एकच? एक चूडी तो कोई नही लेता अम्मा, अच्छा नही होता.

म्हनलं, घालाले नाही पाहिजे. पाठवाले पाहिजे.

तिनं माह्याकडे पाह्यलं, काही विचारलं नाही. कागदात गुंडाळून देली. पैसे बी नाही घेतले. म्हने, लडकी का चूडा मेरे यहां से लेना बस. म्हनलं चुडा त त्याइच्याकडूनच येनार हाये, त ते फनकारली.

घरी सांगून ठेवलं, शुक्रवारी शेगावले दर्शनाले जाते. सु. म्हने, एकट्या? म्हनलं गर्दीत मले कोन ढकलनार हाये.

लय दिवसानं असं वाटून राह्यलं. जत्रेले निंघाल्यावानी.

३० जाने., शुक्रवार

शेगावले नाही. दुसरबीडले.

चिखलीले एस.टी. बदलली, मंग मेहकर, मंग दुसरबीड. एक बाई म्हने आजी सरकून बसा जराशा. म्हनलं सरकलीच हाये मी, खांदे मांगून येऊन राह्यले.

घरी नाही गेली त्याइच्या. रोडवर उतरली अन् सरळ दुकानात. मंगेश खाली बसून मोटरीत तांब्याची तार भरून राह्यला होता. मले पाहून उठला, पाया पडला. आजी, एकट्याच? सारं बरं हाये न?

प्लास्टिकची खुर्ची सरकवली. म्हनलं हे राहू दे बापू, हे माह्याखाली जीव देते. लोखंडी पेटी होती, तिच्यावर बसली.

मंग कागद सोडून बांगडी त्याच्या हातात देली.

हे काय आजी?

माप.

माप त आलं न मांगं.

ते तुह्या सासूचं आलं. हे पोरीचं.

त्यानं बांगडी पाह्यली. मंग आपल्या हातात घातली. सरसर गेली कोपरापर्यंत. मी त्याच्या तोंडाकडेच पाहून राह्यली, की आता काय होते. तो हासला नाही. मान खाली घालून म्हने, आजी, खरं सांगू का? आमच्या घरी येगळंच चालू हाये. पोरगी उठली नाही, चालली नाही, त आई म्हने पायात दोष असन. लंगडत असन. चौकशी बी करून राह्यली दोन ठिकानी.

मी एवढ्या जोरात हासली की पंप घेऊन आलेला मानूस मांगं सरला. सु. गेली हाड लपवाले अन् पोरीले लंगडी करून बसली.

म्हनलं, मंग हो काऊन म्हनलं तू?

म्हने, मले आवडली. मनात म्हनलं, लंगडत असन त गल्ल्यावर बसन.

म्हनलं, गल्ल्यावर नाही बसत ते. हे मोटर हाये न, हे एका हातानं उचलून गाडीत टाकन. तुले चालन का ते सांग. लोकं हासतीन. म्हनतीन बायको का भाऊ.

त्यानं मोटरीकडे पाह्यलं. लगेच हो म्हनला असता त मले इस्वास नसता आला. म्हने, हासतीन आजी. मले शाळेपासून हासतात, काडी म्हनतात. अजून थोडे हासतीन. पन आईचं मी सांगू शकत नाही. चुडा घेऊन ठेवला तिनं त्या मापानं, शेजारच्या बायाइले दाखवून झाला. खोटं बोललेलं तिले खपत नाही. मोठ्या हाडाचं एखादयेळा खपन, खोट्याचं नाही खपनार.

म्हनलं मी येते घरी, मीच सांगते.

नाही म्हने. मी सांगतो. तुम्ही जा.

चहा पाजला. एस.टी.त बसवून देलं. खिडकीतून पाह्यलं त बांगडी अजून त्याच्या हातातच होती, काढाची इसरला.

घरी सु. म्हने परसाद कुठी हाये? म्हनलं रांग लय मोठी होती.

२ फेब्रु., सोमवार

दु.बीडहून फोन. इहिनीनं सु.ले एवढंच सांगतलं की आम्ही गुरुवारी येतो, पोरगी पुन्हा पाहाची हाये. अन् ठेवला.

पसंत केलेली पोरगी पुन्हा पाहाले कोनी येत नाही. येतात त मोडाले येतात. सु. फोन हातात धरून खाली बसली. मंग मी सांगतलं तिले, कुठी गेली होती ते.

शेगाव म्हनून दुसरबीडले?

म्हनलं गाडी चुकली.

ते बोलत नाही आता माह्याशी. रमेश बी नाही बोलत, पन तो तसाही बोलत नाही. सु. भिंतीले सांगते, मोडलं त यांच्यामुळं मोडलं. खरंच हाये. मोडलं त माह्यामुळंच मोडन. मी त्याले नाही म्हनत नाही.

पन मले भेव वाटून नाही राह्यलं. काय वाटून राह्यलं ते मलेच समजत नाही. तीन येळा चूल सारवली.

४ फेब्रु.

वैशू दोन दिवस माह्यासमोर आली नाही. आज आली. जेवाले बसली, तीन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासंगं. सु. पाहातच राह्यली.

हात धुऊन म्हने, उद्या ट्रे मी आनीन.

सु. म्हने, अव पन.

म्हने, मी आनीन आई. चालत. अन् शाल नाही घेनार.

सु. उठली. मले वाटलं आता भांडते. तिनं कपाट उघडलं अन् आपली नवी पैठनी काढली, साखरपुड्यात स्वतः नेसाले घेतलेली. म्हने, हे नेस. ब्लाऊज माहा नाही येनार तुले. मंग बाहेर जाऊन उभी राह्यली एकटीच. मी नाही गेली मांगं. तिले तिचं रडू द्यावं.

५ फेब्रु., गुरुवार

घाईत लिहून राह्यली. पाव्हने अठीच हायेत अजून.

तिघं आले. मंगेश, त्याचा बाप अन् माय. माय बुटकी, करारी, नाकात मोठी नथनी. बसली ते पदर आवळून. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

वैशू ट्रे घेऊन आली. दारात उंबऱ्यावर जराशी थांबली, चौकटीत भरून दिसली. मंग चालत आली. मंगेशच्या बापानं पाय आपोआप जवळ घेतले. ट्रे ठेवला. पैठनीत अशी दिसली की माहाच ऊर भरून आला, पन मी तोंड वाकडं करून बसली, नजर लागू नये.

इहीन उठली. वैशूच्या जवळ गेली, तिच्या खांद्याखाली आली ते. तिचं मनगट हातात घेतलं. बोटं पुरली नाही चारी बाजूनं. बाहेर कोंबडी खरवडून राह्यली होती ते ऐकू आलं.

म्हने, चाल. वावर दाखव मले तुमचं.

आनखी कोनी नाही, दोघीच. मंगेश उठला त म्हने तू बस.

मी मांगच्या भिंतीपाशी जाऊन उभी राह्यली. सु. बी आली माह्या बाजूले. हरभऱ्याच्या बांधावरून दोघी चालून राह्यल्या होत्या. वैशू पाऊल आखडून चालत होती. आम्ही साऱ्या तसंच चालतो लोकाइसोबत, लहानपनापासून सवय, दुसऱ्याच्या मापानं पाय टाकाची. मले राहवलं नाही. भिंतीवरूनच हाक मारली, वैशे, पाऊल नको आखडू.

सु.नं माहा हात धरला. मले वाटलं ओढते आत. तिनं नुसता धरून ठेवला.

वैशूनं ऐकलं. टाकलं मंग पाऊल तिचं, पुरं. पैठनी फडकली. इहीन मांगं पडली, पदर खोचून जवळजवळ पळाली तिच्या मांगं, मंग थांबली, कमरेवर हात ठेवून काहीतरी म्हनली. लांबून समजलं नाही काय म्हनली. वैशू वळली अन् उभी राह्यली.

अजून तठीच हायेत दोघी. लय बोलून राह्यल्या. हात इहिनीचेच हालतात.

सु. म्हने, आत्या, चहा थंडा झाला सारा. पुन्हा ठेवू का?

म्हनलं ठेव. दूध जास्त टाक.