कार्नीहून ग्लेन बोलतोय

१९ ऑगस्ट
आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी. मार्लीसच्या हाताला लागू द्यायचं नाही, बायकोला खेळातलं राजकारण कळत नाही.

मुख्य मुद्दा: माझा मुलगा कोल्बी सोबोत्का हा युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू फेकणारा, टीम चालवणारा. तिसरा. म्हणजे पुढचे दोघं जायबंदी झाले की तोच. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण गुडघे ते गुडघेच.

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर त्याचा मोठा बोर्ड लावला. चेंडू फेकताना, हात ताणलेला, खाली 'सोबोत्का टायर्स'. कॉलेजच्या पोरांना आता जाहिराती करायची परवानगी आहे. आधी ते पाप होतं, आता धंदा आहे. मार्लीस म्हणाली, अरे लायल, हा फोटो हायस्कूलमधला आहे. म्हटलं, हात तोच आहे ना?

३० ऑगस्ट, शनिवार
सीझनची पहिली मॅच. कोल्बी मैदानात उतरला! आणि गुडघा टेकून बसला.

त्याला होल्डर केलाय. किकर लाथ मारणार, त्याच्यासाठी चेंडू जमिनीवर उभा धरून बसायचं, एवढंच काम. लाथ मारणारा हीरो. धरणाऱ्याचं नाव त्याच्या आईलाच माहीत.

मॅचनंतर फोन केला. पोरगा खुशीत. म्हणे, बाबा, आज माझ्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, म्हणजे मी एकदाही चुकलो नाही. मी म्हटलं, लक्ष गेलं नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.  तो म्हणाला, गणिताचा पेपर आहे, ठेवतो.

काहीतरी करावं लागणार.

२ सप्टेंबर
रेडिओवरचा बड ट्रॅस्कचा खेळांचा शो दुकानात दिवसभर चालू असतो. अख्खं नेब्रास्का ऐकतं. कोच ऐकतो, कोचची बायको ऐकते. आज दुपारी लाइन उघडल्या उघडल्या फोन लावला. खरं नाव सांगणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, कार्नीहून ग्लेन बोलतोय. मग मुद्द्यावर आलो: हा सोबोत्का नावाचा मुलगा कोण आहे हो? याला खेळवत का नाहीत?

आवाज जाड काढला होता. छान जमलं. मागे वेंडेल नट खोलायच्या गनने ठर्र ठर्र करत होता तेवढंच. माझ्याकडे वीस वर्षं आहे, पण वेळ बघायची अक्कल नाही. नंतर म्हणाला, मालक, फोन करायचा असेल तर सांगत जा, मशीन बंद ठेवतो. म्हटलं, काम थांबवायचं नाही. लोकांना संशय येतो.

९ सप्टेंबर
आज ग्रँड आयलंडहून रॉजर म्हणून बोललो. आवाज बारीक, सर्दी झाल्यासारखा. विषय प्लेऑफमध्ये किती टीम घ्याव्यात हा होता, त्यातून सोबोत्कावर आणला. बड म्हणाला, रॉजर, तुमच्याकडेही टायरचं दुकान आहे वाटतं शेजारी? नशीब, गावोगाव टायरची दुकानं असतात.

कोल्बीला फोन केला. उचलला नाही. प्रॅक्टिसमध्ये असेल.

२३ सप्टेंबर
निश्चय: बडला फोन बंद. आठवड्यातून एकदाच.

२५ सप्टेंबर
प्रो लीगवाल्यांनी चाळिशीच्या म्हाताऱ्याला क्वार्टरबॅक म्हणून परत बोलावलंय, त्यावर बोलणं भागच होतं. ग्लेन म्हणून बोललो. तरुण रक्ताला संधी द्या, असं म्हणून एक उदाहरण दिलं. बड म्हणाला, थांब ग्लेन, कोण ते मी सांगतो. आणि त्याने बरोबर ओळखलं! याचा अर्थ नाव पोचतंय.

१२ ऑक्टोबर, रविवार
टीमला या आठवड्यात मॅच नव्हती. कोल्बी घरी आला. मार्लीसने खिमा-राजम्याची चिली केली, सोबत दालचिनीचे रोल. पोरगा चार रोल खाऊन म्हणाला, एक गोष्ट सांगायची आहे. कोच हॅलोरनने त्याला बोलावून सांगितलं म्हणे, पुढची दोन्ही वर्षं होल्डर म्हणून तूच, शिष्यवृत्ती पूर्ण, डिग्री झाली की माझ्या हाताखाली ये, पोरांना शिकव.

मार्लीसने डोळ्याला टॉवेल लावला. मी विचारलं, आणि फेकायचं काय? कोल्बी म्हणाला, बाबा, फेकण्यात मी बरा आहे. यात मी चांगला आहे.

मग उरलेला रोल उचलून टेबलावर दाखवायला लागला. पुढे वाकलेला गडी पायांमधून चेंडू गोळीसारखा मागे फेकतो, तो झेलायचा, टेकवायचा, शिवण पुढे फिरवायची, किकर एमेटला लागतो तेवढाच कलता ठेवायचा, आणि हे सगळं एमेट धावत येतो तेवढ्यात. एमेट वर बघतच नाही म्हणे. चेंडू तिथे असणारच, असं धरूनच तो धावतो. सांगताना त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला होता.  मग म्हटलं, तुला खुंटी करून ठेवलंय त्यांनी. तू कमी आहेस असं कुणालाही म्हणू देऊ नकोस.

तो म्हणाला, कुणी म्हणालं नाही, बाबा. मीच बघितलंय.

रोल तसाच राहिला. जाताना म्हणाला, तेवढा बोर्ड काढा ना. मी आजवर मॅचमध्ये एकदाही चेंडू फेकलेला नाही. मुलं फोटो काढून पाठवतात. म्हटलं, बघतो.

त्याचा आत्मविश्वास कोचने पार मारून टाकलाय.

१३ ऑक्टोबर
बोर्डावर दिवे लावून घेतले.

११ नोव्हेंबर
बडच्या शोमध्ये आता दुसरा विषय नाही. जानेवारीत ट्रान्स्फर पोर्टल उघडणार. पोराने त्यात नाव टाकलं की कुठल्याही कॉलेजने उचलून न्यावं. कोण जाणार, कोण राहणार, कोणाला किती मिळणार. पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं अटलांटिकच्या लीगमध्ये खेळतात, एकेक पोरगा चौथं कॉलेज बघतो. निष्ठा वगैरे काही राहिलेलं नाही, हे मी ग्लेन म्हणून परवाच खडसावून सांगितलं.

पण विचार केला, जग असंच असेल तर आपणच का मागे? मोठमोठे एजंट काय करतात? खेळाडू सोडून चालला अशी कुजबुज उठवतात. कोच घाबरतो. धावत येतो. हवं ते देतो. कोल्बीला यातलं काही सांगायची गरज नाही. भिडस्त आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, सीझनची शेवटची मॅच, अख्खा देश टीव्हीसमोर. डाव रचायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. मॅच संपत आली तशी बडने लाइन उघडली. मी स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. दुकान बंद, वेंडेल नाही, ठर्र ठर्र नाही. बराच वेळ जाहिराती ऐकत थांबलो.

नंबर लागला. म्हटलं, कार्नीहून ग्लेन. बड, आतल्या गोटातली बातमी आहे. सोबोत्का चालला. तीन मोठी कॉलेजं मागे आहेत, त्याने मनाशी पक्कं केलंय.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मार्लीस जिवाच्या आकांताने ओरडली, लायल! लायल, अरे कोल्बी! आपला कोल्बी!

बडने विचारलं, ग्लेन, हे कोण ओरडतंय? म्हटलं, टीव्ही आहे.

बाहेर येऊन बघतो तर सगळं संपलेलं. मार्लीस सोफ्यावर बसून रडत होती. शेवटच्या सेकंदाला एमेटची किक होती म्हणे. चेंडू समोरून वेडावाकडा आला, डोक्यावरून जाणार होता. कोल्बीने एका हाताने ओढून घेतला, टेकवला, फिरवला. एमेट न थांबता आला आणि मारला. जिंकलो. कॉमेंट्री करणारा म्हणाला, मॅच या होल्डरने जिंकली आहे, नाव लक्षात ठेवा, कोल्बी सोबोत्का. रिप्ले तीनदा दाखवला. तिन्ही वेळा मी फोनवर होतो.

पण वेळ बघा! इकडे अख्ख्या देशाने नाव ऐकलं, तिकडे मी बातमी सोडली. याला म्हणतात मॅनेजमेंट.

कोल्बीला फोन केला. उचलला नाही. पोरं नाचत असतील.

२ डिसेंबर
कोल्बीचा फोन. आवाज सपाट. कोचने बोलावलं होतं. रेडिओवरचा तो तुकडा कोचच्या फोनवर होता. टीममध्ये आता मोजक्याच जागा असतात, सगळी पोरं आजच पक्की करायची आहेत, जायचं होतं तर मला येऊन सांगायचंस, असं कोच म्हणाला. कोल्बीने शपथ घेऊन सांगितलं, मी कुठेही जात नाही. कोच म्हणाला, पोरा, तुझे वडील जाहीर सांगतायत आणि मागे तुझी आई तुझ्या नावाने ओरडतेय. मी कोणावर विश्वास ठेवू?

मग मला विचारलं, बाबा, तुम्ही होतात ना?

म्हटलं, ग्लेन नावाची पुष्कळ माणसं असतात.

तो हसला. चांगलं हसला नाही. म्हणाला, सप्टेंबरपासून लॉकर रूममध्ये दर मंगळवारी ग्लेन लावतात. सगळे तोंडाने गनचा आवाज काढतात. मी पण काढतो. मला वाटायचं, काढलेला बरा.

म्हणजे टीममध्ये मी लोकप्रिय आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो म्हणाला, बाबा, एकदा कोचला फोन करा. खोटं बोललो म्हणा. तुमचं खरं नाव सांगून म्हणा. एवढंच. म्हटलं, बघतो.

३ डिसेंबर
कोचला फोन करणार होतो. पण एजंट लोक आधी फोन करत नाहीत. आपण केला तर भाव पडतो. शिवाय बर्फ पडायच्या आधी सगळ्यांना आजच टायर बदलून हवेत.

मार्लीस म्हणाली, केलास का? म्हटलं, उद्या.

५ डिसेंबर
आज करणारच होतो. कोल्बीचा मेसेज आला, राहू द्या. जागा दुसऱ्याला दिली. आयडाहोचा मुलगा आहे, हात चांगले आहेत त्याचे.

कोच घाबरला, हे उघड आहे. मार्लीस दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. दोघांना एकदमच काय झालंय कळत नाही.

२ जानेवारी
पोर्टल उघडलं! कोल्बीचं नाव आत. दुसरा रस्ताच ठेवला नव्हता त्यांनी, पण शेवटी माझ्याच म्हणण्यावर आलं. संपर्कासाठी माझा नंबर दिला आहे, तेवढं मी आग्रहाने करून घेतलं. फोन ताटाशेजारी ठेवून जेवलो. कॉलेजं बघायला जाताना हवा म्हणून नवा कोट घेतला.

८ जानेवारी
आयोवाहून फोन! उठून उभा राहिलो. माणसाला ट्रॅक्टरचं मागचं टायर हवं होतं.

१६ जानेवारी
आज पोर्टल बंद झालं. देशभरातली हजारो पोरं आत होती, बडने सांगितलं. बऱ्याच जणांना कुणी विचारलंच नाही म्हणे. त्यांचं पुढे काय होतं, हे काही बडने सांगितलं नाही. जाहिरात लागली.

मोठ्या कॉलेजांचे निर्णय कधीकधी उशिरा होतात.

मार्लीस रोल करून डब्यात घालून कोल्बीकडे गेली. मी पण येतो म्हटलं. ती म्हणाली, नको.

२१ जानेवारी
मार्लीसचा फोन. कोल्बीने कॉलेज सोडलं. मेपर्यंत शिष्यवृत्ती होती, पण त्या मैदानासमोरून वर्गात जाववत नाही म्हणतो. कार्नीला एका गोदामात लागलाय, खोली घेतली आहे. ती काही दिवस तिथेच राहणार आहे. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का? ती म्हणाली, लायल, तो रात्री झोपेत हात पुढे करतो. झेलायला.

सराव सोडलेला नाही, हे चांगलं आहे.

२७ जानेवारी, मंगळवार
दुपार. वेंडेल एका पिकअपची चाकं काढत होता. बडचा शो चालू. बड म्हणाला, आता लाइनवर कोण, आणि एक पोरगा म्हणाला, कार्नीहून ग्लेन बोलतोय.

मी म्हटलं, कुणीतरी माझं नाव चोरलं. वेंडेलने माझ्याकडे बघितलं आणि न सांगता मशीन बंद केलं. एवढी शांतता दुकानात मी कधी ऐकली नव्हती.

बडने थट्टेने विचारलं, काय ग्लेन, आज मागे टायरचा आवाज नाही? तो म्हणाला, नाही, इथे मी एकटाच आहे. मग म्हणाला, त्या सोबोत्काबद्दल बोलायचं होतं. त्याला कुणीही बोलावलेलं नाही. तो फार चांगला फेकतही नव्हता. त्याला चेंडू धरायला आवडायचं. त्याचे वडील हा शो रोज ऐकतात. घरी सांगून बघितलं, फोनवर सांगून बघितलं, म्हणून आता इथे सांगतोय. त्याच्याबद्दल आता फोन करू नका, बाबा. बस, एवढंच.

  मग जाहिरात लागली.

वेंडेल म्हणाला, मालक, बोर्ड उतरवू का? म्हटलं, आधी पिकअप संपव.

आवाज काही ओळखीचा वाटला नाही. जाड काढला होता, पण जमला नव्हता.

बडचा नंबर मला पाठ आहे. कोल्बीचा फोनमध्ये शोधावा लागला. तीनदा लावला. उचलला नाही. प्रॅक्टिसमध्ये असेल.