बाज गावातून न्यायची नाही

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम.

तुला कधी पत्र लिहायची वेळच आली नाही. तुझं सासर पालमला, दर बाजाराला भेटायचीस. पण आज कुणावर तरी ओरडावंसं वाटतंय, आणि हक्काचं माणूस तूच!

तुझी सुमी नर्स झाली, अक्का! आणि आता आफ्रिकेत चाललीय, टांझानियाला. एका संस्थेतर्फे दोन वर्षं तिथल्या खेड्यात बाळंतपणं करायची. पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं. पिवळ्या तापाची सुई टोचून आले, दंड अजून ठणकतोय. तिथली भाषाही शिकतेय. पाण्याला म्हणे 'माजी' म्हणतात. मायची हसून पुरेवाट झाली. "म्हंजी आपले माजी सरपंच नुसतं पाणीच की गं!"

तेच माजी सरपंच काल आपल्या दारात आले. वस्तीत! जन्मात पहिल्यांदा! म्हणाले, "गावची लेक परदेशात सेवेला चालली. पारावर सत्कार ठेवलाय. गावात ये, शाल घेऊन जा."

गावची लेक? कधीपासून? ओढ्याच्या अलीकडची आपण माणसं. "गावात जाऊन येते" असं सांगूनच घराबाहेर पडायचो ना? गावात राहून गावात जायचं! गिरणी गावात, शाळा गावात, सिस्टरबाई गावात. हा शब्द तुला कधी खटकला नाही का गं?

संस्थेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, लोक राहतात तिथंच राहायचं. अडलेल्या बाईला आपल्याकडं आणायला सांगायचं नाही, आपण उठून जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी कानशिलं तापली. एवढी साधी गोष्ट! ती शिकवायला आफ्रिका लागते?

तू बाळंतपणाला माहेरी आली होतीस. नामांतरावरून दंगल पेटलेली. तुझं रक्त थांबेना म्हणून मायला तुझ्यापाशी बसवून दादा सिस्टरबाईकडं धावले. तिनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "तिला गावात आणा." आणलं की! भर उन्हात बाजेवर घालून आणलं. मी तुझ्या तोंडावर पदराची सावली धरून चालत होते. पारापाशी हेच सरपंच आडवे आले. "बाज गावातून न्यायची न्हाई. टाइम खराब हाय. वढ्यानं फिरून जा."

ओढ्यात गुडघाभर चिखल होता. तिथंच तू गेलीस, पोटातल्या जिवासकट. सिस्टरबाई म्हणते आणा, सरपंच म्हणतो आणू नका. तुला नेमकं कुणी मारलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

आणि तुझाही राग येतो! बाजेवर पडल्या पडल्या दादांना सांगत होतीस, "भांडू नका, जाऊ आपण फिरून." कशाला गं इतकी शहाणी झालीस? एकदा तरी ओरडायचंस!

काल मी सरपंचांना सांगितलं, "पाटील, शाल द्यायची तर इथं आणून द्या." ते गोंधळले. "तसं कसं? मांडव पारावर घातलाय."

"मग राहू द्या."

माय घाबरली. "जाता जाता कशाला वैर घ्यायलीस?" विद्यापीठाचं नाव बदललं, वस्तीत पेढे वाटले. सरपंचही मनानं बदलले म्हणतात. मग एक शाल ओढा ओलांडत का नाही?

मायचा दुसरा प्रश्न मात्र मला झोंबला. "इतक्या लांब कशाला? हितं बाया मरायच्या थांबल्या का?"

नाही थांबल्या. म्हणून तुला शब्द देते, अक्का. दोन वर्षांनी परत येईन आणि आपल्याच गावच्या सिस्टरची जागा मागून घेईन. राहीन वस्तीत. बोलावणं आलं की निघेन, कुणाचंही असो. सरपंचांच्या सुनेचं आलं तरी.

त्या दारात मी रागानंच जाईन. पण पळत जाईन.

तुझीच धाकटी,
सुमी