लोहगडवाडीचा नकार

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

त्रिरत्नांना वंदन. त्यांच्या करुणेची छाया या लेखणीवर राहो. कारण आज लिहावयाचे आहे ते माझ्याच चुकीविषयी.

माझी नात प्रतीक्षा हिंजवडीची नोकरी सोडून घरी आली, त्याला महिनाअखेर वर्ष होईल. तिने एक बोलते यंत्र रचले आहे. पुण्याची एक ट्रेकवाली कंपनी दर रविवारी लोहगडावर माणसे आणते. त्यांचे जेवण गडाखालच्या लोहगडवाडीतल्या अकरा स्टॉलवाल्या बायका रांधतात. यंत्र त्यांना फोन करते, उत्तर ऐकते, कंपनीस कळवते. त्यास मराठी शिकवण्यासाठी आवाज हवा होता — तो मी दिला! छत्तीस वर्षे शाळेत भाषा शिकवली. माझ्याहून शुद्ध उच्चार कोणाचे असणार, हा अभिमान.

त्यांतल्या एकीचे नाव बाया. आज तिच्या स्टॉलवर बेचाळीस जण येऊन थडकले. तिला पत्ताच नव्हता! यंत्राने विचारले होते, "रविवारी बेचाळीस जणांच्या भोजनाची व्यवस्था होईल काय?" बाया म्हणाली, "जमंल तसं बगू." यंत्राने 'जमेल' एवढेच टिपले आणि होकार कळवला. मावळात 'बगू' म्हणजे नकार, हे शेंबडे पोरही सांगेल. दारी येणाऱ्यास तोंडावर 'नाही' म्हणायचे नसते. माझ्या आईच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. आणि मी यंत्राला दोनच उत्तरे शिकवली — होय आणि नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रतीक्षेला कंपनीच्या आरतीताईंचा फोन. "अर्धी माणसं उपाशी उतरली गं. वरच्यांना मला उत्तर द्यावं लागतं. येत्या रविवारी ट्रेक नाही. तीस तारखेला शेवटची संधी. नाहीतर आम्ही पुण्याहून केटररची गाडी आणतो."

म्हणजे अकरा चुली थंड, आणि प्रतीक्षा परत हिंजवडीस. फोन ठेवून ती म्हणाली, "तुमची काही चूक नाही, आबा." पोर खोटे बोलली. असत्य न बोलण्याचे तिचे शील मोडले, तेही माझ्यापायी!

२० नोव्हेंबर, गुरुवार

अमावास्या. उपोसथाचे व्रत पाळले. सकाळी विहारात धम्मवाचनास बसलो आणि नेमका तोच प्रसंग समोर आला. दोन विद्वान भिक्खू भगवंतांना विनवतात — नाना कुळांतले लोक आपले वचन स्वतःच्या बोलीत बोलून बिघडवतात. आज्ञा असेल तर आम्ही ते पंडितांच्या भाषेत बांधू. भगवंत दोघांनाही खडसावतात. ज्याने त्याने आपापल्या बोलीतच शिकावे, असा निर्णय देतात.

हा प्रसंग मी निदान शंभर वेळा लोकांना समजावून सांगितला असेल. आज प्रथमच वाटले, खडसावले ते मला. 'आमी' म्हणणाऱ्या किती लेकरांच्या हातावर पट्टी मारली मी! सम्यक वाचा म्हणजे शुद्ध उच्चार, असेच जणू धरून चाललो.

निश्चय झाला. वर लोहगडवाडीस जायचे. आवाज आणायचे. गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

महामार्गाकाठच्या उर्से गावी एका लग्नास गेलो होतो. टोलनाक्यावर गाड्यांची ही रांग! महामार्गाने मावळाला वेग दिला, थांबा दिला नाही. आमच्या लोणावळ्याची चिक्की घ्या — गूळ बाहेरचा, शेंगदाणा बाहेरचा, खाणारा बाहेरचा. आमचे हात आणि खोक्यावरचे नाव. प्रतीक्षा याला 'लोकल इकॉनॉमी' म्हणते. मी विचारले, यात लोकल काय आहे? म्हणाली, "तेच तर बनवतेय, आबा."

उत्तर आवडले. तिला सांगितले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी गडावर गर्दी नसते, म्हणून आज. प्रतीक्षेच्या स्कूटरवर मागे बसून घाट चढलो. शहात्तराव्या वर्षी!

बायाच्या स्टॉलवर साऱ्या जमल्या. मी क्षमा मागितली. बाया चहा गाळता गाळता म्हणाली, "आवं गुर्जी, तुमचं मशीन भोजन म्हनलं. मला वाटलं कुनाचं लगीन हाय!" हशा पिकला. शेजारच्या स्टॉलवाल्या नंदाबाई म्हणाल्या, "मशिनीला इचारा, भाकरी थापाया येती का? मग देतो आवाज."

प्रतीक्षेने मोबाईल पुढे धरला. रेकॉर्डिंग म्हटले की सगळ्या माझ्यासारखे शुद्ध बोलू लागल्या! नंदाबाई तर "नाही, जमणार नाही" म्हणून पदर सावरून बसल्या. शेवटी मी मोबाईल पिठाच्या डब्याआड ठेवायला लावला — सर्वांना सांगून, त्यांच्या संमतीने — आणि म्हणालो, समजा उद्या शंभर पाहुणे येताहेत.

मग सुटल्या! "आवं, कसं व्हायचं?" "बगू की." "येऊं द्या, पन तुमीच बगा." "पानी न्हाई हितं." "मालकास्नी इचारते." बायाचा नवरा कोंडू लाकडे टाकून मागे उभा होता. तो म्हणाला, "पावन्याला बगू. मला मातर थेट न्हाई! तेवढं मशिनीत घालू नका, गुर्जी."

नकाराचे एकोणीस प्रकार निघाले. होकार दोनच — "या की" आणि "व्हय".

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यंत्राचे प्रश्नही बदलले. आता मला म्हणावयाचे होते, "मावशी, जेवाण व्हईल का?" जीभ वळेना! जन्मापासूनची बोली, आणि अकरा वेळा रेकॉर्डिंग करावे लागले. प्रतीक्षेने बायाला ऐकवले. ती म्हणाली, "आता मानसावानी बोलत्यात गुर्जी."

पदवीदानालाही इतका आनंद झाला नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार

पस्तीस जण. काल यंत्राने बायाला विचारले. "पस्तीस? आवं, बगू की." यंत्राने होकार धरला नाही. उलट विचारले — "मावशी, किती जमतील?" "धा." लगेच नंदाबाईंना फोन, मग तिसरीला. आज पस्तीसही जण पोटभर जेवून उतरले. पिठले कमी पडले नाही.

साधले!

२ डिसेंबर, मंगळवार

आरतीताईंचा फोन. आवाज पडलेला. "ट्रायल मस्तच झाली गं. पण वरच्यांनी केटररशी वर्षाचा करार आधीच केलाय. मला आज कळलं."

प्रतीक्षा जुन्या कचेरीस अर्ज लिहावयास बसली. मला क्रोध आला. येथे लिहून ठेवतो, म्हणजे लपणार नाही.

बायाला मीच कळवले. चुकीची क्षमा मागायला गेलो होतो, तर वाईट वार्ता घेऊनही मीच गेले पाहिजे. ती एवढेच म्हणाली, "बरं."

अर्ज अजून धाडलेला नाही. मी प्रतीक्षेला म्हटले, पौर्णिमेपर्यंत थांब. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हते.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्ष पौर्णिमा. वंदना आटोपते तोच दारात जीप. अकराही जणी उतरल्या! बाया खुर्ची नाकारून उभीच राहिली, म्हणाली, "कंपनी गेली तर जाऊं दे. गड चढनारी समदी काय तिचीच न्हाईत. वाटंवर आमचाच नंबर रंगवतो. फोन मशीन घील, रांधू आमी. आन् तुला आमी कामावर ठेवतो, ताई. पगार सांग." दारातून कोंडू म्हणाला, "रईवारची सुट्टी मातर मिळायची न्हाई!" प्रतीक्षा हसली, रडली, आणि म्हणाली, "व्हय."

हे पान कधी कोणी उघडेल, त्याच्या चुलीवर अन्न असो, मुखी स्वतःची बोली असो, आणि त्याचे म्हणणे समजून घेणारे कोणी त्याला भेटो.