आरशात कुणीच नव्हतं

सेज वेल्स, ॲरिझोना
बुधवार, १७ सप्टेंबर

प्रिय कारिन,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, तूही बरी असशील. सप्टेंबर अर्धा सरला तरी इथलं ऊन हटायला तयार नाही. लिंबाच्या झाडाला मात्र यंदा फळ चिक्कार आहे. शेजारच्या मिसेस इबारा टोपलीभर घेऊन गेल्या आणि बदल्यात मक्याच्या पिठाचे तमाले देऊन गेल्या. दोन दिवस तेच खातोय.

अक्षर एवढं मोठं आणि जाड का, म्हणून हसशील. घरात धड पेन सापडेना, शेवटी खोक्यांवर नावं घालायचा काळा मार्कर घेतला. कागद जास्त लागणार. पाकीट जाडजूड येईल, घाबरू नकोस.

आता एक बातमी सांगतो, खुर्चीला धरून बस. मी तुमच्या कंपनीच्या त्या बिनड्रायव्हरच्या गाडीत बसलो. एकदा नाही, पाचदा. मिसेस इबारांच्या नातीनं फोनवर सगळं जमवून दिलं. पहिल्या दिवशी दार उघडून आत बसलो तर आवाज आला, "सुप्रभात, ऑरिन." मी म्हटलं, "मी शाळेची बस एकतीस वर्षं चालवली, मला मिस्टर हाल्व्हर्सन म्हण." त्यावर तिनं पट्टा लावायला सांगितलं. आख्खा रस्ता माझा उजवा पाय ब्रेक दाबत होता आणि पायाखाली ब्रेक नव्हता. औषधाच्या दुकानापाशी शहाणीनं सामानाच्या ढकलगाड्यांभोवती दोन चकरा मारल्या आणि मध्येच उभी राहिली. मग छतातून एक बाई बोलायला लागली. मी विचारलं, "बाई, उतरून ढकलू का?" ती म्हणाली, "नको सर, बसून राहा, मी बघते." बसून राहिलो. दुसरं काय करणार?

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. रविवारी चर्चहून परत येताना कॅन्यन रोडवर गाडी अचानक थांबली. सिग्नल नाही, माणूस नाही, काही नाही. मी शिव्या घातल्या, तुझं नाव घेऊनही घातल्या. "चल ना गं बये, रस्ता मोकळा आहे!" असं मोठ्यानं ओरडलो. गाडी हलेना. मग चिडून मान खिडकीकडे वळवली तेव्हा डोळ्याच्या कडेला काहीतरी तुरुतुरु पळताना दिसलं. लावा पक्षी होते. आई आणि मागे सात-आठ पिल्लं, अगदी चाकापुढून. शेवटचं पिल्लू पलीकडे पोचेपर्यंत गाडी थांबली आणि मगच निघाली. घरी येऊन मी व्हरांड्यात बसलो तो उठलोच नाही.

पुढच्या मंगळवारी नगर परिषदेची सुनावणी आहे, तुला माहीत आहेच. तुमच्या गाड्यांना शाळांच्या रस्त्यांवर परवानगी द्यायची की नाही. कंपनीतर्फे तू बोलणार असं पत्रकातून वाचून दाखवलं मला हार्लन प्रुएटनं. आपल्या विरोधी समितीच्या यादीत त्यानं माझं नाव पहिलं घातलंय. म्हणाला, "ऑरिन, यंदा बाप विरुद्ध लेक. टीव्हीवाले येतील." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. त्यानं ते हो धरलं.

आपला थँक्सगिव्हिंगचा तमाशा आठवतो? तू म्हणालीस, "बाबा, दर वर्षी या देशात माणसं किती माणसांना गाडीखाली घालतात, आकडा सांगू?" मी म्हटलं, "आणि इबाराबाईंच्या कुत्र्याला, पिंटोला, कुणी घातलं?" "पिंटो कुंपणावरून उडी मारून आला, बाबा. तूसुद्धा थांबवू शकला नसतास." "पण मी उतरलो असतो! तिच्या दारात जाऊन मान खाली घालून उभा राहिलो असतो. तुझी ती चाचणीची गाडी चार दिवे लुकलुकवत उभी होती नुसती!" तेव्हा तुझी आई म्हणाली, "टर्की थंड होतेय. दोघांपैकी जो आधी गप्प बसेल त्याला तंगडी." तंगडी शेवटी तिनंच खाल्ली.

सभागृहातही मी तेच बोलत आलो. सहा वेळा बोललो, दर वेळी तीन मिनिटं. स्टिअरिंगमागे असा कुणीतरी हवा, ज्याला लाज वाटेल. या वाक्याला टाळ्या हमखास. तू एकदा फोनवर चिडवलंस की बाबा, तू बोलतोस चुकीचं पण वेळ संपल्याचा लाल दिवा लागताक्षणी बसतोस, शिस्तीचा आहेस. कारिन, तो लाल दिवा मला दिसत नव्हता. तुझी आई पहिल्या रांगेतून खोकायची.

तर आता सांगतोच. पेन घरात ढिगानं आहेत. पेननं लिहिलेलं मला दिसत नाही. ओळीखाली फूटपट्टी धरून हे लिहितोय, तरी ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घे.

फेब्रुवारीत डॉक्टरनं तपासलं. दोन्ही डोळ्यांत मधलं गेलंय, कडेचं उरलंय. म्हणाला, "गाडी आजपासून बंद." बाहेर तुझी आई बसली होती. तिला मी सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. ती "बरं" म्हणाली. घरी मीच गाडी चालवत आलो. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालो तर ही शेजारच्या सीटवरून आपली गप्पा मारल्यासारखी म्हणते, "काय बाई हा सिग्नल, कायम लालच." मी ब्रेक दाबला. थोड्या वेळानं, "हिरवा झाला, किती छान." मग, "उजवीकडून तो सायकलवाला कसा घाईत चाललाय बघ." तिला सगळं कळलं होतं. एका शब्दानंही तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फेब्रुवारी ते जून आम्ही दोघांनी मिळून एक गाडी चालवली. सांगायला लाज वाटते, पण त्यात मला मजासुद्धा वाटायची. लग्नानंतर इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

किल्ली का टांगून ठेवली नाहीस, असं विचारशील. दुकान चार मैलांवर, बस इथे कधीच नव्हती. मे महिन्यात तू फोन केलास, "तुमच्या भागात आमची सेवा सुरू झालीय, आईचं नाव नोंदवू का?" आई "हो" म्हणायला तोंड उघडत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "या घरात स्टिअरिंग धरणारा अजून जिवंत आहे." सहा वेळा सभागृहात उभा राहिलेला माणूस तुमच्या गाडीत बसताना दिसला असता तर हार्लन काय म्हणाला असता, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. खरंच एवढाच.

आता त्या निळ्या सपाता.

आईच्या वाढदिवसाला तू पाठवलेल्या. अंत्यविधीच्या दिवशी तू स्वयंपाकघरात त्या हातात घेऊन उभी होतीस. "तळवे बघायला हवे होते मी. घसरट आहेत. मीच पाठवल्या ना, बाबा?" मी खिडकीकडे तोंड करून "नाही गं" म्हणालो, पण कसं, जसं कुणी समजूत घालायला म्हणतं तसं. तू त्या कचऱ्यात टाकल्यास. तू गेल्यावर मी काढून आणल्या. आत्ता टेबलावर आहेत. मी तळव्यांवरून बोट फिरवून पाहिलं. रबर जाड आहे, खाचा आहेत. घसरट अजिबात नाहीत. आणि आई त्या दिवशी सपातांत नव्हतीच, कारिन. ती चर्चला जायच्या काळ्या बुटांत होती. ते बूट माझ्या कपाटात आहेत, डाव्याची टाच उखडलेली आहे.

आपल्या दारातली कण्हेर एवढी वाढलीय की गाडी मागे घेताना रस्ता दिसत नाही. तू लहान होतीस तेव्हापासूनची आमची रीत तुला माहीत आहे. आई रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्हीकडे बघायची आणि मोकळं असलं की पिकअपच्या पत्र्यावर दोनदा थोपटायची. मी गाडी मागे घेऊन रस्त्यावर आणायचो, मग ती चढायची. त्या रविवारी लिंबाच्या वड्यांचा डबा तिनं आधीच सीटवर ठेवला होता. ती मागे गेली. दोनदा थोपटलं. मी आरशात पाहिलं. आरशात आपला दारापुढचा रस्ता होता, रिकामा, स्वच्छ.

पेपरवाल्यानं पेपर नेमका तिथे टाकला होता. ती तो उचलायला वाकली होती.

डॉक्टरनं मला आधीच समजावलं होतं की डोळा भोक दाखवत नाही. जिथे दिसत नाही तिथे आजूबाजूचं ओढून आणतो आणि बुजवून टाकतो. मला काळा डाग दिसला असता तर मी थांबलो असतो. मला रस्ता दिसला. कुणाही धड माणसाला ती दिसली असती. मागे कॅमेरा असलेली गाडी घे म्हणून तू दोन वर्षं मागे लागली होतीस, त्या कॅमेऱ्यातही दिसली असती. चाक तिच्यावरून गेलं नाही, नुसता धक्का लागला. आवाजही मोठा झाला नाही. मला वाटलं, कचऱ्याचा डबा.

मी उतरलो. पिंटोसाठी जे बोललो होतो ते सगळं केलं, उतरलो, गुडघ्यांवर बसलो, डोकं धरलं. त्यानं काय झालं? तिचं खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. ती पहिलं काय म्हणाली सांगू? "ऑरिन, वड्या उन्हात राहतील." दुसरं म्हणाली, "मी सपातांत पेपर आणायला गेले आणि पडले. ऐकलंस? पडले." रुग्णवाहिकेतल्या माणसाला तिनं तेच सांगितलं. इस्पितळात एका बाईनं मला बाहेर पाठवून तिला एकटीला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आतून तुझ्या आईचं हसू ऐकू आलं. आणि अर्ध्या तासानं तुझा फोन आला, "हॅपी फादर्स डे, बाबा!" मी म्हणालो, "थँक यू, बेटा. आई जरा पडलीय, नव्या सपातांत पाय अडकला." ती सपातांची गोष्ट तिनं मला वाचवायला सांगितली होती. तुझ्या गळ्यात ती मी बांधली.

सहा आठवडे ती होती. न्यूमोनिया झाला तेव्हा एका दुपारी म्हणाली, "कारिनला सांग." मी विचारलं, "काय सांगू?" ती माझ्याकडे बघत राहिली असावी. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, उशी दिसत होती. मी म्हटलं, "तू बरी झालीस की दोघं मिळून सांगू." चोवीस जुलैला ती गेली.

स्टिअरिंगमागे लाज वाटणारा माणूस हवा, असं मी म्हणायचो. होता ना. लाज वाटली, म्हणूनच तर तीन महिने खोटं बोलला. तुमचं यंत्र ढकलगाड्यांभोवती गरगरतं आणि पिंटोला मारून दिवे लुकलुकवतं, त्याला दुःख कळत नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी ते माझ्या जागी असतं तर आई लिंबाच्या वड्या घेऊन चर्चला पोचली असती. आता मी कुठल्या बाजूनं बोलू?

मंगळवारी मी बोलणार नाही. हे पत्र तुझं आहे. सभागृहात वाचायचं असेल तर वाच, माझं नाव घेऊन वाच, हार्लनची पर्वा करू नकोस. फाडायचं असेल तर फाड. पोलिसांना दाखवायचं असेल तर तेही कर, मी घरीच असतो. पिकअपची किल्ली सोबत पाठवतोय. सपाता मात्र मी ठेवून घेतो.

मी सभागृहात येईन, तुमच्याच गाडीनं, दुसरा उपाय नाही. मागच्या रांगेत डाव्या टोकाला बसेन. तू माझ्याकडे पाहिलंस तरी मला कळणार नाही. समोर येऊन उभी राहिलीस तरी तुझ्या चेहऱ्याच्या जागी मला मागची भिंत दिसेल. तेव्हा तुला नुसतं निघून जायचं असेल तर खुशाल जा, मी ओळखू शकणार नाही आणि तुला कसलाही संकोच नको. पण जवळ यावंसं वाटलं, तर काही बोलू नकोस. माझ्या बाकावर दोनदा थोपट.

तोवर मी जागचा हलणार नाही.

तुझा,
बाबा