गोळी किती खोल बसवावी

मोंटाना,
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय लॉरी,

तुझं पत्र आणि चोकचेरीच्या मुरांब्याची बाटली, दोन्ही पोचलं. मी बरा आहे म्हणायचं. गुडघे कुरकुरतात, डोंगरावर बर्फ उतरलंय, कुत्रं बहिरं झालंय.

वेरॉनाला तिच्या बाबांच्या, हार्लनच्या रायफलीसाठी घरीच काडतुसं भरायची आहेत, तर टरफलात गोळी दाबून बसवायची डाय कुठली घ्यावी, असं तू विचारलंस. वर आकड्यांची चकती असलेली घे. महाग पडते, पण गोळी किती खोल बसली ते मोजून लिहून ठेवता येतं. साध्या डायचा स्क्रू कुणी किती फिरवून ठेवलाय, ते कळत नाही. प्रत्येक रायफलीचं माप निराळं. हार्लनच्या कपाटात माझी जुनी साधी डाय आहे, ती मात्र तिला देऊ नकोस. फेकून दे.

का, ते सांगायचं नव्हतं. पण तू लिहिलंयस, वेरॉना म्हणते, "मी बाबांसारखी निष्काळजी नाही राहणार." ते वाचलं आणि हे लिहायला बसलो.

हार्लन गेला त्या वर्षी मी डाय माझ्या रायफलीला जुळवली होती. गोळी जरा बाहेर, नळीच्या आतल्या पीळदार आट्यांना टेकेल अशी. नेम चांगला लागतो. हार्लन म्हणाला, "मेव्हण्या, माझीही वीस भर की! बसल्या बसल्या होतील, उगीच बिअर पीत बसलायस." स्क्रू त्याच्या मापाला आणायला हवा होता, नाहीतर गोळी त्याच्या नळीत रुतून बसते. मला ठाऊक होतं, लॉरी. चालतंय म्हटलं आणि भरली.

कुंपण ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करायची, हे बाबांनी आपल्याला कान पिळून शिकवलेलं. हार्लनने तेच केलं. त्याने काडतूस ओढलं तर नुसतं टरफल हातात आलं. गोळी नळीत अडकली, काडतुसातली दारू आत सांडली. तार ओलांडली आणि झुडपातून पिल्लं असलेली अस्वलीण उठली. मी ओढ्याच्या अलीकडे होतो. "एल्डन, अडकलीय रे!" एवढंच ऐकू आलं. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

शेरीफ यायच्या आत मी गाडीतला गज आणून गोळी ठोकून काढली, दारू पुसली. मग सगळे म्हणाले, हार्लन अस्वलांच्या रानात रिकामी बंदूक घेऊन हिंडत होता. दफनाच्या वेळी तूही म्हणालीस, "मूर्ख माणूस! स्वतः गेला आणि मला उघड्यावर टाकून गेला." मी शेजारी टोपी हातात धरून उभा होतो. नऊ वर्षं तू त्याला बोल लावतेस आणि मी तुझ्या हातचं जेवतो.

त्याची काही चूक नव्हती. हे वेरॉनाला सांग. शेरीफलाही कळवायचं तर कळव.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तरी मला ती घेता येणार नाही. यंदा थँक्सगिव्हिंगला माझं पान मांडू नकोस. तू मांडणार नाहीसच. पण मी सवयीने येईन आणि दाराशी उभा राहीन, म्हणून आधीच सांगतो. येणार नाही.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

एल्डन